मिश्राजींची किल्ली

लखनौ, गुरुवार, नोव्हेंबर १९९३

घर सोडायला अजून महिना आहे. तरी घरमालक मिश्राजी आज पुन्हा स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत! मी ओल्या केसांनी न्हाणीघरातून बाहेर येते, तो समोर घर बघायला आलेलं जोडपं.

‘आधी सांगत जा,’ म्हटलं, तर हसले. ‘अरे भाभीजी, घर तो अपना ही है.’

त्यांचंच. पण भाडं भरतोय तोवर आमचं नाही?

ती बाई स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारते, ‘मकान मालिक कैसे हैं?’

मी मोठ्यानेच म्हटलं, ‘आते ही ताला बदलवा लीजिएगा.’

बाहेरचं बोलणं थांबलं. जास्त बोलले का? किल्ली तर त्यांच्याकडेच आहे.

शाळेतून आलेली चिनू दार वाजवत राहिली. ‘आई, दिन में कुंडी क्यों लगाई?’