शाळेच्या बंद पडलेल्या बसमागे थांबल्याबद्दल जप्त झालेला परवाना

प्रति,
मा. वाहतूक अधिकारी,
पाहुणे वाहनचालक कक्ष,
तळमजला, खिडकी क्र. ६

विषय : अर्जदाराचा तात्पुरता वाहन परवाना परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपली पुस्तिका ‘पाहुण्यांसाठी रस्त्याचे नियम’, नियम १४.

महोदय,

१. अर्जदार निवृत्त मुद्रितशोधक असून मुलीच्या लग्नासाठी सपत्नीक आपल्या देशात आला आहे. छापलेला प्रत्येक शब्द वाचायची त्याला चाळीस वर्षांची खोड आहे. त्यामुळे विमानतळावर मिळालेली आपली पुस्तिका त्याने तीनदा वाचली व त्यातील सात चुका दुरुस्त केल्या (यादी सोबत).

२. गेल्या शनिवारी अकरा वाजता विवाह नोंदणी कार्यालयात लग्न होते. पावणेअकराला, कार्यालय दोन गल्ल्यांवर असताना, अर्जदाराच्या पुढे शाळेची बस उभी दिसली. तिचे लाल दिवे लुकलुकत होते. नियम १४ म्हणतो : ‘दिवे विझेपर्यंत मागील वाहनाने हलू नये. कोणी भोंगा वाजवला तरी हलू नये.’ अर्जदार हलला नाही. भोंगे पुष्कळ वाजले.

३. शनिवारी शाळा नसते आणि बसमध्ये चिटपाखरू नाही, या दोन्ही गोष्टी पत्नीने निदर्शनास आणल्या. नियमात वाराचा उल्लेख नसल्याचे अर्जदाराने नम्रपणे सांगितले. एवढ्यात बसचालक मेकॅनिकला फोन करून परतला व म्हणाला, “काका, बस बंद पडलीय. दिव्यांचं बटण अडकलंय. तुम्ही बाजूनं काढा गाडी.” नियम १४ स्थगित करण्याचा लेखी अधिकार त्याच्याकडे आहे काय, असे अर्जदाराने विचारले. बसचालक फुटपाथवर बसला.

४. गाडी सोडून चालत जावे, तर नियम २२ प्रमाणे चालू रस्त्यावर गाडी बेवारस सोडता येत नाही. पत्नी मात्र नव्या चपला हातात घेऊन निघून गेली. जाताना तिने गाडीचे दार नेहमीपेक्षा हळू लावले, याची अर्जदाराला खरी धास्ती वाटली. अकरा वाजून गेले. एकुलत्या एका मुलीचे लग्न आपण काचेतून बसचा पार्श्वभाग बघत चुकवणार, या विचाराने अर्जदाराचे डोळे भरून आले. तरी पाय ब्रेकवरच होता.

५. सव्वाअकराला पत्नी परतली. मागून मुलगी, जावई, आणि बाडबिस्तऱ्यासारखे रजिस्टर काखेत मारून नोंदणी अधिकारी बाई. वडिलांशिवाय सही करणार नाही, असे मुलीने बाईंना बजावले होते. बाईंनी बसच्या पायरीवर रजिस्टर उघडले. वधूवरांच्या सह्या झाल्यावर ते गाडीपाशी आणले, तेव्हा अर्जदाराने खिडकीतून हात बाहेर काढून साक्षीदाराची सही केली. दुसरा साक्षीदार बसचालक झाला. विवाहाचे ठिकाण या रकान्यात बाईंनी ‘बसच्या मागे’ असे लिहिले. अर्जदाराने ते वाचून ‘बसच्या पायरीवर’ असे दुरुस्त करून घेतले.

६. याच वेळी आपले शिपाई तेथे आले. त्यांनी वाहतूक अडवल्याबद्दल परवाना जप्त केला, वधूवरांना शुभेच्छा दिल्या आणि जावयाने सोबत आणलेल्या केकचे दोन तुकडे खाल्ले.

७. पाऊण वाजता बसची बॅटरी संपून दिवे विझले. नियमाप्रमाणे अर्जदार आता जाण्यास मोकळा होता, परंतु परवाना नसल्यामुळे पुन्हा हलू शकला नाही. शेवटी जावयाने गाडी चालवली. त्याने एका वळणावर इशारा दिला नाही. नवीन नाते असल्याने अर्जदार गप्प बसला.

८. तरी परवाना परत मिळावा. शिवाय, अर्जदाराचे थांबणे नियमाला धरूनच होते, असे एका ओळीचे पत्र अर्जदाराच्या पत्नीच्या नावे द्यावे. ती शनिवारपासून त्याच्याशी फक्त मुलीमार्फत बोलते. दोन्ही जमत नसेल, तर परवाना राहू द्यावा, पण पत्र द्यावे.

आपल्या पुस्तिकेचा एकनिष्ठ वाचक,
(सही)
निवृत्त मुद्रितशोधक
दिनांक : सोमवार, सकाळी दहा

सोबत :
१. पुस्तिकेतील सात चुकांची यादी
२. विवाह प्रमाणपत्राची प्रत
३. शिपायांचा केक खातानाचा फोटो

अर्जदाराच्या पत्नीचा शेरा : अर्ज वाचला. सगळं खरं आहे. परवाना कृपया तुमच्याकडेच ठेवा. पत्राची गरज नाही, मला माहीत होतं तो हलणार नाही; म्हणून तर मी बाईंनाच घेऊन आले.