मोकळ्या हातांचं सोनं

आई,

सुनेचा नमस्कार. वन्संच्या लग्नाला मी कामावरून थेट आले, तेव्हा तुम्ही चारचौघांत म्हणालात, "हिची नोकरी सोनं शोधायची, आणि अंगावर फुटका मणी नाही." सगळे हसले. मीही हसले, पण लागलं मला.

आई, आम्ही डोंगराला खोल भोकं पाडून दगडाच्या लांब कांड्या काढतो. टनभर दगडात चिमूटभर सोनं, तेही डोळ्यांना न दिसणारं. कांडीला अंगठी नुसती घासली, तरी तपासणीत सोनं निघतं, आणि ते डोंगराचं नसतं. म्हणून कांड्यांच्या शेडमध्ये शिरण्याआधी अंगावरचं सगळं सोनं उतरवायचं, असा नियम आहे.

पहिल्या तपासणीत भरपूर सोनं निघालं. साहेब हरखून गेले. कांड्या हाताळतानाही त्यांनी न उतरवलेली जाडजूड अंगठी बघून मी म्हणाले, "साहेब, यातलं थोडं तुमचं असेल." त्यांचं तोंड एवढंसं झालं. प्रत्येक कांडीचा अर्धा भाग आम्ही राखून ठेवतो. ते सगळे मी स्वतः कापून पुन्हा तपासायला पाठवले.

आज निकाल आला. पहिल्याइतकं नाही, पण सोनं आहे. अहवालावर सही माझी आहे.

कंपनी जाहीर करेपर्यंत हे घरच्यांनाही सांगायचं नाही, म्हणून पत्र खणातच राहील. तोवर तुम्ही खुशाल हसा. त्या डोंगरात सोनं आहे हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण माझ्या अंगावर ते गुंजभरही नव्हतं.

तुमची,
थोरली सून