परीक्षक महाशयांचं नाव

लातूर, ऑक्टोबर १९८२

प्रिय साहेबराव,

आधी खालची सही बघ, मग घोटभर पाणी पी आणि मगच पुढं वाच. तुझ्या गल्लीत टँकर आला असेल तर पी, नाहीतर तसाच वाच. जिल्हा झाला, कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, पण नळाला पाणी काही येत नाही, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. नव्या कलेक्टर कचेरीत तू अव्वल कारकून होऊन आलास हे मला कळलं. नांदेडला कॉलेजात आम्ही तुला चिडवायला नुसतं 'साहेब' म्हणायचो. आता शिपाईसुद्धा म्हणत असेल. छान झालं.

अभिनंदन मात्र दुसऱ्याच गोष्टीचं करायचंय. गुरुबसप्पांच्या साप्ताहिकातल्या शब्दकोडे स्पर्धेत यंदा तू एकदाही चुकलेला नाहीस. वर्षभर एकही चूक न करणाऱ्याला दिवाळीत 'कोडेरत्न' म्हणून शाल मिळते आणि त्या शालीसाठी तू किती वर्षं झुरतोयस ते मला ठाऊक आहे. दरवर्षी कुठल्यातरी एका शब्दावर तुझं घोडं अडायचं. यंदा दोनच कोडी उरली आहेत आणि शाल खुद्द कलेक्टरसाहेबांच्या हातून मिळायची आहे. तू नवा कोट शिवायला टाकलास, हदगावहून वडिलांना यायला सांगितलंस. हे सगळं तू गुरुबसप्पांच्या प्रेसमध्ये बसून त्यांना सांगितलंस आणि संध्याकाळी त्यांनी मला. मलाच का, ते सांगते.

त्या स्पर्धेची परीक्षक मी आहे. तू ज्यांना 'परीक्षक महाशय' म्हणून पत्रं लिहितोस ना, ते महाशय म्हणजे मी, सिंधु.

बहात्तरच्या दुष्काळात मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नवी नवी मास्तरीण होते. मुलं शाळेत वाटलेली सरकारी सुकडी खाऊन खडी फोडायच्या कामावर आईबापांमागं निघून जायची आणि मी रिकाम्या वर्गात बसून राहायची. तेव्हा गुरुबसप्पा आले. त्यांच्या आधीच्या परीक्षकाच्या घरी लोक भाजीपाला घेऊन जायचे, म्हणायचे, गुरुजी, एवढा एक शब्द चालवून घ्या. तो बिचारा वैतागून गाव सोडून गेला. म्हणून गुरुबसप्पांनी प्रथा पाडली की परीक्षकाचं नाव कुणाला सांगायचं नाही. दर गुरुवारी प्रेसचा दगडोबा डाळीच्या पिशवीत पोस्टकार्डं घालून आणायचा. शेजाऱ्यांना वाटायचं, बाईंच्या घरी डाळ फार लागते. मोबदला काही नाही. मला नकोच होता. मला तेव्हा डोकं गुंतवायला काहीतरी हवं होतं, आणि ते का हवं होतं ते तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

पहिल्याच वर्षी त्या पिशवीतून तुझं कार्ड निघालं. हदगावचा शिक्का, तुझं ते उजवीकडं कललेलं अक्षर. बाकीची सगळी कार्डं सोडून मी आधी तेच वाचलं, खोटं कशाला बोलू? त्याच्या आदल्या वर्षी मी तुझ्या एका कार्डासाठी जीव टाकत होते. तू आमच्या घरी येऊन जेवलास, माझ्या बाबांना म्हणालास की घरी बोलतो आणि वडिलांना घेऊन येतो. आम्ही बौद्ध, तुम्ही गावचे पाटील. तुला जड जाईल हे न कळायला मी काही दूधखुळी नव्हते. तुझा नकार मी गिळला असता. पण तू नकारसुद्धा दिला नाहीस. बाबा पोस्टमनला लांबूनच हात करून विचारायचे आणि तो लांबूनच मान हलवायचा. शेवटी आपल्या कॉलेजातल्या पंचफुलाच्या घरी तुझी लग्नपत्रिका आली, तेव्हा आम्हाला कळलं. बाबा त्या दिवशी नुसते मला जेवायला वाढत राहिले. तो राग माझ्या मनातून कधी गेला नाही, जाणारही नाही.

आणि मला दोन ओळी लिहायला ज्याला सवड झाली नाही, तो माणूस दहा पैशांच्या कार्डावर दर आठवड्याला मला उत्तरं पाठवू लागला! आडवे शब्द, उभे शब्द. वर तक्रारी. 'परीक्षक महाशय डुलक्या घेत होते काय?' 'परीक्षक महाशयांनी शब्दकोश उघडण्याची तसदी घ्यावी.' मी हसून सोडून द्यायची. पण तीन वर्षांमागं एकदा तू लिहिलंस की हे महाशय बहुधा सवलतीवर पास झालेले दिसतात, राखीव जागेवर बसलेली माणसं आता कोडीही तपासू लागली की काय. ते कार्ड मी कितीतरी वेळ हातात धरून होते. कुणाला लिहितोयस हे तुला माहीत नव्हतं, म्हणून तर ते तुझ्या आतलं खरं होतं. त्या आठवड्याचं तुझं कोडं बिनचूक होतं. मी बिनचूकच दिलं. इतक्या वर्षांत तुझा एकही शब्द मी वाकडा केला नाही, साहेबराव. लाल पेन हातात होतं, नाव गुप्त होतं, कुणी विचारणारं नव्हतं. कितीदा मनात आलं! पण तशी खोडी केली असती तर तुझं म्हणणंच खरं ठरलं असतं.

आता नव्या जिल्ह्याबरोबर मास्तरांचीही वाटणी झाली आणि माझी बदली देवणीला झाली. दर आठवड्याला पिशवी तिकडं कोण आणणार? म्हणून आम्ही माझ्या जागी माणूस शोधू लागलो. डाळमिलचे जुने मुनीम सिद्धराम यांना बसवून पाहिलं, तर त्यांनी सगळ्यांनाच पास केलं. "बिचाऱ्यांनी येवढा जीव लावून लिवलंय, कुनाला न्हाई म्हनू?" म्हणाले. मग एक तरुण प्राध्यापक आले. ते कोडं रचणाऱ्याचीच उत्तरं खोडू लागले. गुरुबसप्पा डोक्याला हात लावून बसले होते आणि नेमका तेव्हाच तू प्रेसमध्ये अवतरलास. दोन पानवाले, एक वकील आणि कंपोझिटर यांच्यासमोर टेबलावर हात आपटून म्हणालास, त्या महाशयांपेक्षा मी दसपट चांगलं तपासीन, कधीही सांगा, फुकट करीन. गुरुबसप्पा मला सांगत होते, "बाई, मानूस लई बोलतो बघा. पर शब्द वळखतो. काय करू?" मी म्हटलं, त्यालाच द्या. एकच अट, या वेळी नाव छापायचं. मी बिननावानं शिव्या खाल्ल्या. पुढच्यानं नावानिशी खाव्यात.

परवा तुझ्या कचेरीत तुझ्या साहेबांसमोर गुरुबसप्पांनी तुझ्या गळ्यात हार घातला आणि तू मोठ्या मनानं हो म्हणालास. फोटोत बघितलं, छाती चांगली फुगलेली होती. उद्याच्या अंकात तो पहिल्या पानावर येतोय, परीक्षक म्हणून तुझ्या नावासह, घराच्या पत्त्यासह. आणि हे पत्र लिहायचं कारण तेच. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर माझी मजा गेली असती. दर आठवड्याच्या कोड्याच्या पायाशी बारीक टाइपात नियम छापलेले असतात. इतरांच्या वेलांट्यांच्या चुका काढणाऱ्या माणसानं ते कधी वाचले नसावेत. त्यातला शेवटचा मी पाठ सांगते: परीक्षकास व त्याच्या कुटुंबीयांस स्पर्धेत भाग घेता येणार नाही, तसेच नेमणुकीच्या वर्षातील त्याच्या सर्व प्रवेशिका बाद समजल्या जातील. गेली तुझी शाल. अंग काढून घ्यायचं तर साहेबांसमोर, वकिलासमोर, अख्ख्या जिल्ह्यासमोर काढून घे. मात्र दिवाळीला वडील आले की शाल का नाही मिळाली, हे त्यांना तुझ्याच तोंडानं सांग. या खेपेला गप्प बसून भागणार नाही. आणि मी आता परीक्षक नाही, त्यामुळं मला भाग घ्यायला मोकळीक आहे. या आठवड्याचं माझं कोडं सोडवून मी पेटीत टाकलंय. गुरुवारी दगडोबा पिशवी घेऊन तुझ्या दारात येईल. माझं कार्ड नीट तपास, आणि बरोबर असेल तर बरोबर म्हणून माझं नाव छापायला दे.

आता तुझीच एक स्पर्धक,
सिंधु