इराशी लावलेली पैज

७ जून
आज पुन्हा हरले. नात तेरा वर्षांची, आणि तोंड वर करून मला म्हणते, "आजी, तू खूप स्लो आहेस." आयपॅडवर झेंडा येतो, खाली चार देश, बरोबर नावावर बोट ठेवायचं. एवढंच. पण इरा माझ्याशी बोलते ती फक्त तेव्हाच. एरवी कानात ते पांढरं कोंबलेलं.

१० जून
युक्ती सापडली! झेंडा साडीसारखा बघायचा. आधी काठ, मग अंग. कतार म्हणजे मरून करवतकाठी. बहारीनही तीच, पण लाल, आणि दाते मोठे. बेलारूसला एका बाजूला विणलेला काठ. इराचं तोंड बघण्यासारखं झालं.
उभ्या तीन पट्ट्यांना काठच नसतो. तिथे मार खाते. आयर्लंडला आयव्हरी कोस्ट म्हणून बसले.

१४ जून
जुलैअखेर हा परदेशातला मुक्काम संपवून मी नागपूरला परत. इथल्या शाळांना तेव्हाच सुट्टी. इराला न्यायचंय, सुट्टीभर. निखिल म्हणतो, "आई, तिला फ्रेंड्सबरोबर समर कॅम्पला जायचंय. तू उगीच फोर्स करू नकोस." उगीच म्हणे! मागे आली तेव्हा पाच वर्षांची होती. आणखी दोनचार वर्षं गेली की कुठली आजी नि कुठलं नागपूर.
पैज लावली. पुढच्या रविवारी एकच डाव, आळीपाळीने. एक चुकली आणि दुसरीचं बरोबर आलं की संपलं. मी जिंकले तर नागपूर. ती जिंकली तर कॅम्प, मी अवाक्षर काढणार नाही.
"डील," म्हणाली. लगेच. लहान आहे अजून.

१७ जून
तयारी जोरात. कणीक मळताना आफ्रिका, चहाबरोबर युरोप. स्क्रीनला कणीक लागली म्हणून निखिल ओरडला. ओरडू दे. पॅसिफिकमधली बेटंसुद्धा येतात आता.

रविवार, २१ जून
जिंकले!
इराने मोनॅकोला इंडोनेशिया म्हटलं. मग माझी पाळी. निळा, पिवळा, लाल, उभे पट्टे. पर्यायांत चाडही, रोमानियाही. झेंडे अगदी सारखे, निळ्यात काय तो फरक. आयपॅड उचलला आणि बागेच्या दारात उजेडात नेला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग बघून मी आयुष्यात साडी घेतली नाही. इरा किंचाळली, "आजी, ते स्क्रीन आहे, साडी नाही!"
असू दे. निळा गडद वाटला. चाड. बरोबर!
मी टाळ्या पिटल्या. निखिलही हसला. इरा नाही. "ओके. मी येते," म्हणाली आणि वर गेली. जेवायला खाली आली. तक्रार नाही, रडणं नाही, शब्द पाळतेय पोरगी. अशी नको होती मला ती.

२२ जून
सकाळी सांगितलं, पैज रद्द. जिंकले मीच, ते रद्द नाही. पण यायचं तर मनापासून ये, नाहीतर खुशाल कॅम्पला जा.
तिने टोस्ट खाली ठेवला. मग, "पण आजी, तिकडे मी रोज काय करणार?"
मनात मोजायला लागले. चुलत भावंडं नोकरीला, पुण्या-बंगळुरूला. शेजारची मुलं भराभर बोलतात, हिच्या मराठीला हसतील. दुपारी तर मीच झोपते.
म्हटलं, शाळेतून आलीस की सांगते.
चहा दोनदा झाला. ती यायची वेळ होत आली.