साखर उतरते तेव्हा

वेस्ट मांबलम, मद्रास
२० नोव्हेंबर १९५९

प्रिय अंबुजा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र सोमवारी पोचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकच ओळ दिसली, सुंदरच्या लघवीत साखर निघाली आणि रोजची सुई सुरू झाली, ही. बाकीचं दुसऱ्यांदा वाचताना कळलं. बत्तीस वर्षांचं पोर! त्याच्या वडिलांना निदान पन्नाशी तरी गाठू दिली होती या दुखण्यानं. देवाला बोलायचं ते बोलून झालं, आता तुला उत्तर लिहायला बसले आहे. तुला बालबोध लिपी वाचता येते हे तुझ्या वडिलांचे उपकार. आमच्या चिरंजीवांनी शाळेत तमिळ आणि इंग्रजी तेवढं गिरवलं. मराठी बोलतो झकास, पण वाचायची म्हटलं की एका ओळीला एक टंबलर कॉफी लागते. तेव्हा हे तुलाच लिहिते, आणि वाचून दाखवायचं कामही तुझ्याच गळ्यात.

तू विचारलंस, सकाळची तपासणी घरच्या घरी कशी करायची. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, नववा नाही, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटेसारखं लाल झालं तर नवऱ्यानं काल काय खाल्लं ते विचारायचं. तो खोटं सांगेल. तुझे सासरे भूगोलाचे मास्तर, आयुष्यभर पोरांच्या थापा पकडल्या, पण नळी लाल झाली की स्वतः पाचवीतल्या पोरासारखे भिंतीकडे बघायचे. सिरिंज रोज उकळत जा. सुई बोथट झाली की बारीक दगडावर हलकेच घासायची. औषधाची बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात ठेव, नागपूरचा उन्हाळा आमच्यापेक्षाही वाईट म्हणतात.

पण साखर चढते त्यापेक्षा उतरते त्याची भीती जास्त धर. हे डॉक्टर दोन वाक्यांत सांगतात आणि आपण विसरतो. सुई टोचली आणि वेळेवर पोटात अन्न गेलं नाही की ती भलतीच खाली जाते. घाम येतो, हात कापतात, जीभ जड होते, आणि सगळ्यांत आधी माणूस चिडतो. एकदा यांनी दूधवाल्याला दारात उभं करून इंग्रजीत झापलं, मला म्हणाले तू या घरात आल्यापासून एक गोष्ट धड झाली नाही. मीही कमी नाही, अर्धा तास तोंडाला तोंड दिलं. मग त्यांचा सदरा भिजलेला दिसला. साखरपाणी दिलं, दहा मिनिटांत शुद्धीवर आले आणि कशावरून भांडलो ते मलाच विचारायला लागले. म्हणून सांगते, सुंदर विनाकारण चिडला तर त्याच्याशी भांडू नकोस. आधी साखर दे. चूक कुणाची ते नंतर बघू.

इकडे पाऊस धरून बसला आहे. अंगणात घोट्याएवढं पाणी आहे आणि विहिरीचं पाणी गढूळ झालंय. घरमालक नारायणस्वामी रोज येऊन छपराकडे बघतात, मान हलवतात आणि जातात. अलमेलूच्या शाळेला दोन दिवस सुट्टी. तिला तिरुचीचं स्थळ आलं होतं, मुलगा टपाल खात्यात, आपल्यातलाच. मुलाच्या आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, घरात साखरेचं दुखणं आहे का. मी सांगितलं, आहे. वडिलांना होतं, आता भावालाही आहे. त्याला पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. अलमेलू नुसती शाळेतल्या पोरांच्या वह्या तपासत बसते. भातही मी अर्ध्यावर आणलाय, नाचणीची कांजी करते. यांना डॉक्टरांनी चपाती सांगितली होती, म्हणाले तुम्ही मराठी ना, मग गहू तुम्हाला परका कसा. हे म्हणाले, माझ्या पणजोबांच्या पणजोबांनी गहू मागे टाकून कावेरी गाठली, आता परत जाणं अवघड आहे. तीन महिने चपात्या चावल्या बिचाऱ्यांनी.

आता तुझ्या पत्राच्या शेवटच्या पानाकडे येते. यांचं वर्षश्राद्ध मार्गशीर्ष वद्य अष्टमीला, म्हणजे डिसेंबरच्या बावीस-तेवीसला येतं. तुम्ही दोघं येणार, सुंदर स्वतः श्राद्ध करणार, ब्राह्मण जेवून उठेपर्यंत पाणीसुद्धा घेणार नाही, वडिलांचं पहिलं वर्ष आहे, असं तू लिहिलंस. आणि पुढे लिहिलंस की राजसआत्या त्या दिवशी घरात नसली म्हणजे झालं, मग काळजीचं कारण नाही, तुम्ही आहातच. ते वाचल्यापासून माझी झोप गेली आहे. गेल्या वर्षी काय झालं ते तुला अलमेलूकडून आणि सुंदरकडून कळलं. त्या दोघांना माझ्याकडून कळलं, दोघंही तेव्हा घरात नव्हती. आता तू माझ्याकडूनच ऐक, सगळं.

त्या दिवशी माझ्या सासऱ्यांचं श्राद्ध होतं. सकाळी नळी विटेसारखी लाल आली. श्राद्धाच्या दिवशी औषध निम्मं द्या असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण तो रंग बघून मी घाबरले आणि पुरं टोचलं. भटजींनी नवाला येतो, अकराच्या आत मोकळं करतो असं कबूल केलं होतं. ते मैलापुरात दुसऱ्या घरी अडकले आणि साडेअकराला आले. परवा इल्लै, काही हरकत नाही, म्हणत पाय धुतले. हे ओल्या धोतरात उपाशी बसलेले. संकल्प सुरू झाला, बापाचं नाव घ्यायची वेळ आली. व्यंकट म्हणायचं तिथे हे म्हणाले, सुंदर. भटजींनी थांबवलं, पुन्हा सांगितलं. हे पुन्हा म्हणाले, सुंदर. पितरांत जिवंत मुलाचं नाव! पंक्तीला आलेले ब्राह्मण एकमेकांकडे बघायला लागले, भटजी अपशकुनावर काय करायचं ते आठवायला लागले. मला मात्र यांच्या कपाळावरचा घाम दिसला. मला कळलं, अंबुजा. घरात सगळ्यांत आधी मलाच कळलं. आता सुंदरचं दुखणं निघाल्यावर इथे दोघीतिघी मला म्हणाल्या की तो त्याच दिवशीचा संकेत होता. मूर्ख आहेत. तो संकेत नव्हता, साखर उतरली होती.

मी स्वयंपाकघरात गेले, डब्यातून मूठभर साखर घेतली आणि उंबऱ्यावर आले. आणि उभी राहिले. राजसवन्सं मध्ये पडल्या, माझा हात धरला, पिंड होण्याआधी कर्त्याच्या तोंडात काही जाता कामा नये म्हणाल्या, असं मी सगळ्यांना सांगितलं. हे खोटं आहे. वन्सं भिंतीशी बसल्या होत्या. ज्या बाईनं बालविधवा म्हणून चाळीस वर्षं सोवळ्यात काढली, माझ्या हातचा कांदा कधी शिवला नाही, ती बाई ओरडत होती, "घाल गे भवानी, बेगी घाल त्याच्या तोंडात, श्राद्ध जाऊ दे!" दोनदा ओरडली. मी ऐकलं. मी भटजींकडे बघितलं, ते पत्रावळीकडे बघत होते. त्या ब्राह्मणांकडे बघितलं. मला वाटत होतं, यांच्यापैकी कुणीतरी मान हलवावी. सासऱ्यांचं श्राद्ध मी मोडलं असं उद्या कुणी म्हणू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पाच मिनिटं गेली की दहा, मला सांगता येत नाही. साखर घामानं मुठीतच ओली झाली. मग हे आडवे झाले, दातखीळ बसली. वन्सं उठल्या, माझी मूठ उघडली आणि ती साखर यांच्या हिरड्यांना चोळत बसल्या. तेव्हा उशीर झाला होता.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला माहीत होतं तर साखर का दिली नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, नणंदेनं देऊ दिली नाही. का निघालं ते विचारू नकोस. त्या बाजूला उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पदर सारखा केला. तीन दिवस हे बेशुद्ध होते, त्या तीन दिवसांत मी खरं सांगू शकले असते. तेराव्याला सुंदर सगळ्यांदेखत त्यांना म्हणाला, तू माझ्या बापाला मारलंस. तेव्हाही मी मान खाली घालून बसले. दुसऱ्या दिवशी त्या ट्रंक घेऊन मैलापूरला गेल्या. एका लांबच्या पुतण्याच्या घरी मागच्या खोलीत राहतात, सात माणसांचा स्वयंपाक करतात. वर्ष होत आलं, त्यांनी हे कुणालाही सांगितलेलं नाही. मी दोनदा बसनं तिथपर्यंत गेले आणि कोपऱ्यावरून परत आले.

हे मी आणखी किती वर्षं गिळून बसले असते कोण जाणे. पण राजसआत्या घरात नाही म्हणून तू निर्धास्त राहशील, आणि सुंदर उपाशी पाटावर बसेल, आणि तुझ्याजवळ उभी असेन मी. म्हणून लिहिलं. उद्या मी मैलापूरला जाऊन वन्संच्या पायांवर डोकं ठेवणार आहे. त्या आल्या तर त्या दिवशी याच घरात असतील; सुंदरला ते चालणार नसेल तर त्यानं येऊ नये, त्याच्या बापाचं मी बघेन. आणि आला तर सुई घेतल्यावर आधी स्वयंपाकघरात बसून पोटभर जेवेल, मग पाटावर बसेल. भटजींना मी सांगेन, त्यांना पटलं नाही तर दुसरे बघू, कुणीच मिळाले नाहीत तर श्राद्ध होणार नाही. त्यातूनही मध्येच त्याचा हात थरथरताना दिसला तर तू माझ्याकडे बघू नकोस. मला विचारू नकोस. मी वाटेत उभी असले तर मला ढकल, मी सासू आहे हे त्या वेळी विसर. हे पत्र त्याला शब्दन् शब्द वाचून दाखव, माझी कीव येऊन काही गाळू नकोस. तो खूप चिडेल, आणि या वेळचं त्याचं चिडणं खरं असेल. फक्त जेवण झाल्यावर वाच. उपाशीपोटी वाचू नकोस.

तुझीच,
भवानी