गोळी बदलेन, नोकरी सोडणार नाही

वारंगा फाटा, ता. ९ जुलै १९७६

चि. केशर हिस दादाचा सप्रेम जयभीम.

आमी खुशाल. टायरचं दुकान बरं चालून राहिलं. काल तुझे हेडमास्तर फाट्यावर गाडी बदलायला उतरले, तवा कळलं की तू पुन्हा अंथरूण धरलंस. वर्गात फळ्याकडं तोंड करून रडत होतीस म्हणे. नांदेडच्या डॉक्टरच्या गोळ्यांनी दोन वर्षं ठणठणीत होतीस, आता काहून बिघडलं? माय म्हणती, गोळ्यांनीच डोकं फिरलं, फेकून दे. हेडमास्तर म्हणाले, राजीनामा दिला तर बोभाटा होणार न्हाई. मलाही तेच बराबर वाटतं. घरी ये. रागावू नको, लहानपणी माझ्या पाठीत पाटी घातलीस, तेवढं पुरे.

तुझी काळजी वाहणारा,
कोंडीबा

पुसेगाव, ता. १४ जुलै १९७६

ति. दादास केशरचा सविनय जयभीम. वि. वि.

पाटी पुन्हा घालावीशी वाटली. मी बुडाले हे तर खरंच. तीन आठवडे झोप नाही, भाकरी मातीसारखी लागते, स्वतःच्याच वर्गाची भीती वाटते. पण गोळ्या फेकल्या नाहीत. एकटीच एस.टी.नं नांदेडला गेले. डॉक्टर म्हणाले की चांगलं लागू पडलेलं औषध कधी कधी पुढं काम करेनासं होतं, त्यात माझा दोष नाही. जुनी गोळी हळूहळू उतरवायची, मग दुसरी चालू करायची. तिचा गुण यायला महिना लागेल. तोवर मी एकटी राहू नये, हे त्यांनी दोनदा बजावलं.

राजीनामा लिहिणार नाही. हेडमास्तरांना कावीळ झाली तेव्हा कुणी राजीनामा मागितला होता? मी रजेचा अर्ज दिलाय, डॉक्टरांची चिठ्ठी जोडून. मला घरी नेऊ नका, वहिनीला इकडं पाठव. तेवढंही जमत नसेल तर पत्र पाठवू नकोस.

तुझी हट्टी बहीण,
केशर

वारंगा फाटा, ता. १८ जुलै १९७६

चि. केशर हिस जयभीम.

तुझं पत्र पार्वतीला वाचून दाखवलं. शेवट ऐकायच्या आधीच तिनं पिशवी भरली. मायशी भांडून उद्या सकाळच्या गाडीनं येऊन राहिली. माय दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाई, बोलंल. राजीनाम्याचं मी चुकलो. वाईट वाटलं तर पार्वतीला सांग, मनात ठेवू नको.

दादा

पुसेगाव, ता. ९ सप्टेंबर १९७६

ति. दादास सविनय जयभीम. वि. वि.

पहिले आठवडे फार वाईट गेले. तोंडाला कोरड, हात थरथरायचे. एकदा वहिनीला म्हटलं, आता मला जगायचंच नाही. ती रडली नाही. माझा हात धरून तडक नांदेडला घेऊन गेली. डॉक्टरांनी मात्रा बदलली. पाचव्या आठवड्यात एका सकाळी मला भूक लागली. वहिनीनं केलेल्या पिठल्याला मी नावं ठेवली, तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

सोमवारी शाळेत हजर झाले. हेडमास्तरांनी विचारलं, झेपेल का. मी मस्टरवर सही केली आणि वर्गात गेले. दुपारची गोळी लपवून घेत नाही, माठाजवळ सगळ्यांसमोर घेते. काल तांड्यावरच्या भिकाबाई नातीला न्यायला आल्या, त्यांनी विचारलं, ही गोळी कशाची. मी स्पष्ट सांगितलं, मन खचतं त्याची. त्या तिथंच खाली बसल्या. म्हणाल्या, लेक तीन महिन्यांपासून उठत नाही, सगळे बाहेरचं झालं म्हणतात.

रविवारी वहिनी तुझ्याकडं परत येईल. सोमवारी मी एक दिवसाची रजा टाकलीय. भिकाबाई, त्यांची लेक आणि मी, तिघी नांदेडला जाणार आहोत. गाडी फाट्यावर थांबली की चहा घेऊन ये, आणि कुठं निघालात असं कुणी विचारलं तर मोठ्यानं सांग.

लोभ असाच भांडता राहू दे.

तुझी,
केशर