शिंपला नंबर दोन

४ डिसें.
ताईच्या थैलीत शिंपला टाकला. अलिबागच्या सहलीतून आणलेला. आता मजा.
ताई अमरावतीले एम.एस्सी. करते, गोट्याईचं, म्हंजे जिऑलॉजीचं. वरूडले घरी आली का मले गाडीवर बसवून सालबर्डीकडच्या नाल्यात नेते. तठी पांढरी चुनखडी फोडते, थर मोजते, तुकडे नंबराच्या थैल्याईत भरते. तिचं म्हणणं, डायनासोरच्या टाइमले नर्मदेकडून समुद्राचा एक फाटा अठीपर्यंत आला होता. उथळ, कमरेएवढा. तिचे सर म्हणतात समुद्र नाई, तळं.
मी म्हणलं, "ताई, तुह्या समुद्रावर भेळ भेटन का?"
"गोटे उचल गपगुमान."
थैली नं. ७ मंदी टाकला. समुद्र सापडला म्हणून कवा नाचते, पाहू.

६ डिसें.
नाचली नाई. माह्यासमोर सगळ्या थैल्या खोलल्या, ७ बी. हू का चू नाई. वरून मले जेवाले वाढलं, न मागता.
माय म्हणे, "आज लय गोडी हाये बहीण-भावात."
कायतरी शिजून राह्यलं. ताई अशी नाई.

९ डिसें.
ताई परत अमरावतीले. फोन आला. "सर खूष हायेत. शिंपला पाहून जागा पाहाले स्वतः येतो म्हणले."
"कोणता शिंपला?"
"तुले काहून पाह्यजे?" कट.
हिले समजलं अन् मले खेळवून राह्यली? का समजलंच नाई? बरं, हिचं सोडा. एवढे मोठे सर, त्याईले बी अलिबाग ओळखू येत नाई? मले तर सरवरच डाउट.

१० डिसें.
जेवण गेलं नाई. सर वर्गातून एकालेच पुढच्या अभ्यासाले घेणार. ताईले घेतलं तर घेतलं. नाई तर बाबानं सांगून ठेवलं हाये, पॅकिंगच्या शेडात बस, संत्र्याच्या पेट्याईवर नंबर टाक. अन् तो शिंपला तिच्या नावानं वर गेला, कोणी ओळखला, त

११ डिसें.
फोन करून सांगून टाकलं. ताई हसाले लागली, थांबेच ना.
"अबे भैताडा, तो मी थैली खोलली त्याच दिवशी फेकला! आतून गुलाबी चमकून राह्यला होता. अन् त्याले माळेचं होल होतं!"
होल पाह्यलंच नाई मी. हद्द हाये.
"सर येऊन राह्यले ते दुसरा पाहून. जाड, थराथराचा, समुद्रातल्या कालवावाणी. नाल्यातल्या खडकातून मी माह्या हातानं काढला, तू बकरीमांगं होता तवा."
हायसं वाटलं. मंग आवाज बदलला तिचा.
"तो बी तूच त नाई ना लावला?"
"मायची शपथ!"
"मायची शपथ तू रोज खातं."
शिंपला नं. २ मी नाई लावला. अठी तरी खरं लिहितो.

१३ डिसें.
सर आले. बारीक माणूस, कानटोपी. पह्यला प्रश्न, "काढण्याआधी जागेवर फोटो घेतलात?"
नाई घेतला. फोन माह्याजवळ होता. मी बकरीची रील बनवून राह्यलो होतो. ताईनं माह्याकडं पाह्यलं फक्त.
सरनं भिंग लावलं, कडा टाचणीनं खरवडल्या. "चिकटवलेला वाटत नाही. सोबत कोण होतं?"
"माहा भाऊ."
आमी टपरीवर बसलो होतो, तठचा चहावाला मधातच, "हा? सर, यानं रोडवर सिमेंटात रुपया बसवला होता. अर्धं गाव नखं मोडून गेलं!"
सरनं वही बंद केली. "खडकात दुसरा दाखवा, मी असताना. नाहीतर हा पुरावा म्हणून धरता येणार नाही."

१४ डिसें.
मी नाई, त नं. २ लावाचं कोणाचं काम असन? वर्गातल्या पोट्ट्याईचं? सरचं? चहावाल्याचं त डोकंच नाई तेवढं.
एक गोष्ट लिहू का नको. ताईले समुद्र लय पाह्यजे होता.
नाई. खोडून टाकतो हे.
(खोडलं नाई.)
ती बी माह्याकडं तशीच पाहून राह्यली. ताट आपटून ठेवलं.

१५ डिसें.
नाला. सर म्हणे, भाऊ नको. ताईच म्हणे, "येऊ द्या, सर. अन् बे, तू त्या काठावर बस. हात दिसले पाह्यजेत मले."
म्हणून लिहून राह्यलो. एक हात वहीवर, एक पेनावर. दोन्ही दिसतात.
सर फोन धरून उभे, शूटिंग चालू. ताई फोडून राह्यली. पह्यला थर, काई नाई. दुसरा, काई नाई. सरनं घड्याळ पाह्यलं दोनदा. ताईच्या बोटाले लागलं, रुमाल बांधला, परत सुरू.
तिसरा थर.
सर पाणी प्याले तिकडं वळले. फोन खाली.
हातोडा थांबला. ताई वाकून खडकातल्या कशाले तरी पाहून राह्यली. सरले आवाज नाई देत. काहून नाई देत? पह्यले माह्याकडं पाह्यलं. माह्या हाताईकडं.
वही ठेवतो खाली. दोन्ही हात वर करतो, तिले दिसाले.